पडीक कोण ठरवतं? मालवणचा किनारा आणि आपले भूमी उपयोजनाचे नकाशे

आजचं बोलणं विद्यार्थ्यांच्या भूगोल परिषदांमध्ये सादर होणाऱ्या एका प्रकारच्या निबंधांबद्दल आहे. भूमी उपयोजन आणि अवकाशीय नियोजनासमोरील आव्हानं हा त्यांचा नेहमीचा विषय. उदाहरणासाठी मालवणचा किनारा घेतला आहे. हे टिपण आम्ही दोघांनी मिळून केलं, म्हणून बोलताना 'आम्ही' असंच येईल. टीका करणार आहोत, हे आधीच सांगून ठेवतो. पण ती मुलांवर कमी आणि आम्ही शिक्षकांनी त्यांच्या हातात दिलेल्या साच्यावर जास्त आहे.

साचा तुमच्या ओळखीचा आहे. पहिल्या स्लाइडवर तालुक्याचा नकाशा, अक्षांश, रेखांश, पर्जन्यमान. मग उपग्रहाच्या दोन प्रतिमा, मधे दहा-वीस वर्षांचं अंतर. मग संगणकानं केलेलं वर्गीकरण: शेती पिवळी, जंगल हिरवं, पाणी निळं, बांधकाम लाल आणि उरलेली पडीक जमीन करडी. मग तक्ता, लाल किती वाढलं आणि पिवळं किती घटलं. शेवटच्या स्लाइडवर 'शाश्वत नियोजनाची गरज आहे'. टाळ्या होतात, पुढचा गट उभा राहतो.

यात चांगलं काय, ते आधी बोलू. लँडसॅट उपग्रहाचा जुना संग्रह २००८ पासून सगळ्यांना फुकट मिळू लागला. त्याआधी असं काम मोठ्या संस्थांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या आवाक्यातलं होतं. आज दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी स्वतःच्या तालुक्याचा नकाशा स्वतः बनवते, ही लहान गोष्ट नाही. तिची मेहनत खरी असते. आमचा आक्षेप एकच आहे. या नकाशात प्रत्येक जमिनीला एक रंग मिळतो, आणि तो एका दिवसाच्या उजेडात ठरतो. मालवणच्या किनाऱ्यावरची बरीचशी जमीन मात्र महिन्यागणिक वेगळ्या कामाला लागते, आणि ते काम करणारी माणसंही वेगळी असतात.

सड्यापासून सुरुवात करू. किनाऱ्यावरून आत चढून गेलं की जांभ्याचं सपाट पठार लागतं, त्याला आपण सडा म्हणतो. एप्रिलमध्ये तिथं उभं राहिलात तर काळा तापलेला कातळ, वाळलेलं गवत, लांबवर एखादं झाड. 'इथं काही नाही' असं कुणालाही वाटेल. तोच सडा ऑगस्ट-सप्टेंबरात बघा. कातळाच्या खळग्यांत पाणी साठलेलं, पायाखाली बोटभर उंचीची फुलं, गुरं चरतायत. जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून मुरतं आणि सड्याच्या उतारावर, पायथ्याला झऱ्यांतून नि विहिरींतून वर येतं. खालच्या वाडीतल्या बाईला विचारा, मार्चपर्यंत विहिरीला पाणी कशामुळे राहतं. ती वर सड्याकडे बोट दाखवेल.

आता उपग्रहाकडे वळू. साध्या प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाला ढगांच्या पलीकडचं दिसत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर आकाश भरलेलं. त्यामुळे 'स्वच्छ प्रतिमा' म्हणून विद्यार्थी जी उतरवून घेतात ती बहुतेकदा डिसेंबर ते मे या काळातली असते. म्हणजे सड्याचा फोटो आपण नेमका त्याच्या झोपेच्या वेळी काढतो आणि खाली लिहितो, 'हा काही करत नाही.' भातशेतीचंही तेच. खरिपात पिकलेला मळा मार्चच्या चित्रात उघडा दिसतो. ढगांमधून पाहू शकणारी रडारची प्रतिमा आज फुकट मिळते, सेंटिनेल मालिकेचा तसा उपग्रह २०१४ पासून फिरतो आहे. पण साच्यात तिला जागा नाही, म्हणून ती कुणी उघडत नाही.

तुम्ही म्हणाल, चूक विद्यार्थ्याची, नकाशा परिषदेपुरता, नुकसान कुणाचं? नुकसान असं, की हा शब्द विद्यार्थ्यांचा नाहीच. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागासाठी राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र देशाचा पडीक जमिनींचा अ‍ॅटलास तयार करतं. त्याच्या वर्गवारीत उघडा खडकाळ भाग हा एक प्रकार आहे आणि किनाऱ्याची वाळू हा दुसरा. म्हणजे बघा, मालवणच्या माणसाचा सडाही पडीक आणि पुळणही पडीक. उरलं काय? मधली माडांची पट्टी. 'पडीक' या शब्दाच्या मागोमाग पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग इथं काहीतरी आणूया का? चिपी-परुळ्याच्या माळावर विमानतळ झाला, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचं उद्घाटन झालं. विमानतळ हवा की नको, हा आजचा विषय नाही. पण सपाट, मोकळी, 'रिकामी' जागा हे सड्याचं वर्णन आपण भूगोलवाल्यांनीच पुरवलेलं असतं, हे मान्य करायला हवं. मालवण तालुक्यातल्याच कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांची नोंद २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाली, तिच्यात कुडोपी आहे. माणसाच्या हातची इतकी जुनी खूण ज्या जमिनीवर आहे, ती वर्गवारीत 'खडकाळ पडीक'.

आता खाली पुळणीवर येऊ. दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग. इथं रापण चालते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर उभी असलेली माणसं ओढत आणतात. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. या कामाला होडी नि जाळं लागतं, तशी मोकळी पुळणही लागते, लांबच लांब, मधे खुंट नाही, खुर्ची नाही, नांगरलेली बोट नाही. त्याच पुळणीवर होड्या वर घेतात, जाळी सुकवतात, मासळी वाळत घालतात. पावसाळा सरला की हा हंगाम सुरू होतो. आणि पर्यटकांचा? तोही तेव्हाच, दिवाळीपासून मेपर्यंत. एकच पुळण, तेच महिने, दोन कामं. मालवणच्या किनाऱ्यावरचं अवकाशीय नियोजनाचं आव्हान म्हणतात ते हे. आमच्या नकाशात तिथं काय असतं? पिवळसर पट्टी, 'वाळू'. लँडसॅटच्या प्रतिमेतला एक ठिपका जमिनीवर ३० मीटर बाय ३० मीटरचा असतो. वाळवणाची जागा त्यात हरवते.

कायदा काय म्हणतो? किनारपट्टी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, मग २०१९ ची. २०११ च्या अधिसूचनेत एक चांगली गोष्ट लिहिली होती. मच्छीमारांच्या वसाहती, त्यांच्या सामाईक जागा, मासळी सुकवण्याच्या जागा, हे सगळं गावपातळीच्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर दाखवावं. मुख्य किनारा व्यवस्थापन आराखड्याचं प्रमाण मात्र १ : २५,०००. गणित करू. या नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. वीस मीटरचं वाळवण पेन्सिलीच्या टोकाखाली झाकलं जातं. म्हणून गावपातळीचा नकाशा महत्त्वाचा, आणि तो भरायला गावात फिरणारं माणूस लागतं.

याच अधिसूचनेत संवेदनशील किनारी क्षेत्रांची यादी आहे. महाराष्ट्राच्या नोंदीत मालवण येतं आणि पुढे 'आचरा-रत्नागिरी' येतं. आचरा मालवण तालुक्यात आहे, आणि सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १ मे १९८१ लाच झाला. मग हे आचऱ्यापासून रत्नागिरीपर्यंतचा पट्टा म्हणून वाचायचं, की रत्नागिरीतलं आचरा म्हणून? नुसत्या शब्दांवरून ठरत नाही. मधल्या आडव्या रेघेत अख्खा किनारा अडकला आहे. ज्या कागदानं गाव जपायचं, त्यातच गावाचा पत्ता धूसर.

२०१९ ची अधिसूचना ग्रामीण किनाऱ्याचे लोकसंख्येच्या घनतेवरून दोन भाग करते. चौरस किलोमीटरमागे २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर विकासाला मनाई, त्याहून कमी असेल तर २०० मीटर. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची घनता १६३ होती, तेव्हा आपल्याकडे सर्वसाधारणपणे २०० मीटरचा नियम. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच अधिसूचनेनं पुळणीवर तात्पुरत्या पर्यटन सुविधांना, शॅक, स्वच्छतागृहं, कपडे बदलायच्या खोल्या यांना, परवानगीची वाट ठेवली आहे. या मनाई क्षेत्रात भरतीरेषेपासून १० मीटर अंतर राखलं की झालं. 'तात्पुरती' म्हणजे कोणत्या महिन्यांत? ज्या महिन्यांत पर्यटक येतात त्या. म्हणजे ज्या महिन्यांत रापण ओढतात त्याच. अंतर मीटरमध्ये मोजलं, पण महिने कुणी मोजले नाहीत.

आणखी एक आकडा. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ साली ८,४९,६५१. कमी झाली. तरी आमच्या विद्यार्थ्यांच्या तक्त्यांत लाल रंग वाढतोच, आणि निष्कर्षात लिहिलेलं असतं, 'वाढत्या लोकसंख्येमुळे बांधकाम वाढले.' हे वाक्य ठाण्याच्या निबंधातून आलं असणार. इथं माणसं मुंबईला गेली, मळे पड राहिले, घरांना कुलपं लागली, आणि किनाऱ्याला पर्यटकांसाठी खोल्या वाढल्या. गणपतीला उघडणारं घर, बारा महिने उघडं घर आणि फक्त पाहुण्यांसाठी बांधलेलं घर, तिन्ही लालच. नियोजन करायचं तर तिघांच्या गरजा वेगळ्या आहेत: पाणी, कचरा, रस्ता, सगळंच.

आता आमच्यावर येणारा आक्षेप. नियोजनकाराला शेवटी एक रंग द्यावाच लागतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याआधी सध्याच्या जमीन वापराचा नकाशा करावा लागतो. 'सकाळी रापण, दुपारी पॅरासेलिंग' असा झोन कसा आखणार? मुद्दा रास्त आहे. वर्गवारी टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही. पण आपल्याकडचा एक जुना कागद बघा. सातबारा. त्यातल्या गाव नमुना सातमध्ये 'इतर अधिकार' असा रकाना आहे, म्हणजे मालक एक असला तरी त्या जमिनीवर आणखी कुणाचा काही हक्क असू शकतो, हे तो मान्य करतो. आणि नमुना बारामध्ये पिकाबरोबर वर्ष आणि हंगाम लिहितात. तलाठ्याच्या कागदाला हंगाम कळतो आणि उपग्रहावर चालणाऱ्या आमच्या नकाशाला कळत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. सातबाराही निर्दोष नाही. सड्याला तोही पोटखराब म्हणून मोकळा होतो, आणि सरकारी पुळणीवर रापणकराचा वापर त्यात येत नाही. पण रकान्याची कल्पना आपल्या घरात आहे, ती उसनी आणायला नको.

विद्यार्थ्यांना हे झेपेल का? १९३० मध्ये डडली स्टॅम्प यांनी ब्रिटनचं जमीन वापर सर्वेक्षण सुरू केलं, तेव्हा शेतोशेती फिरून नकाशे रंगवणाऱ्यांत शिक्षक, कॉलेजची मुलं आणि शाळकरी पोरं होती. मैलाला सहा इंच प्रमाणाचा नकाशा घेऊन ती चालत गेली. पुढे युद्धकाळात अन्नधान्याच्या आणि नंतर नगर नियोजनाच्या कामी ते नकाशे आले. त्यांच्यातही एका शेताला एकच खूण होती, तो दोष होताच. पण बांधावर जाणाऱ्या पोराला तिथल्या माणसाला विचारता येत होतं. आमच्या मुलांचा अख्खा निबंध लॅबमध्ये होतो, कारण गुण नकाशाच्या अचूकतेच्या टक्क्यांना मिळतात. गुण देणारे आम्हीच आहोत.

म्हणून परीक्षक म्हणून आम्ही स्वतःला तीन नियम घातले आहेत. पहिला, प्रतिमेची तारीख नकाशाच्या शीर्षकात हवी, तळटीपेत नको. 'मालवण तालुका, १२ मार्च' असं वाचलं की वाचणारा आपोआप विचारतो, सप्टेंबरात काय? दुसरा, करड्या आणि पिवळसर रंगाच्या निदान पाच जागांवर जाऊन बारा महिन्यांचा तक्ता भरायचा: कोणत्या महिन्यात, कोण, कशासाठी. तिसरा, 'पडीक' लिहिण्याआधी गावात त्या जागेला काय म्हणतात ते लिहायचं. नाव असेल तर वापरही असतो, असा आमचा अनुभव आहे.

यात एक सावधगिरी. लोक एका बाजूला आणि पर्यटन दुसऱ्या बाजूला, असं चित्र रंगवू नका. एकाच घरात थोरला रापणीला जातो, धाकटा स्कूबाच्या बोटीवर असतो आणि खोल्या आई सांभाळते. तक्ता भरताना तिघांनाही विचारा. आणि गावानं सांगितलेलं सगळं छापू नका. एखादी जागा दाखवायची की नाही, हे गावाला ठरवू द्या.

हे कशासाठी, तर आराखडा येतो तेव्हा हरकती-सूचना मागवतात. पन्नाशीतला रापणकर अर्ज घेऊन जातो. टेबलापलीकडून प्रश्न येतो, 'तुमचा वापर कुठं दाखवलाय?' त्याच्याकडे दाखवायला काही नसतं, कारण ज्यांनी त्याच्या पुळणीवर निबंध वाचला, त्यांनी तिथं 'वाळू' लिहिलं होतं. पुढच्या वेळी त्या अर्जाला एखाद्या विद्यार्थिनीचा बारा महिन्यांचा तक्ता जोडलेला असेल, तर त्या परिषदेला प्रमाणपत्रापलीकडे काही अर्थ आला असं आम्ही समजू.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. मालवणचं कुणी ऐकत असेल तर आमच्या चुका आधी सांगा.