स्कूटरवरून विकलेली कॅसेट

‘हम्मा हम्मा’ तुम्ही ऐकलेलं असतंच. १९९५च्या ‘बॉम्बे’मधलं मूळ हिंदी गाणं, त्यातला तो घोगरा, बेफिकीर आवाज रेमो फर्नांडिसचा. बहुतेकांची त्याच्याशी ओळख तिथे सुरू होते आणि तिथेच संपते. मला बोलायचंय त्याच्या अकरा वर्षं आधीच्या एका कॅसेटबद्दल. ‘गोवन क्रेझी’, १९८४.

ही गाणी मी मोबाइलवर ज्याला ज्याला ऐकवली, त्याने तोंड वाकडं केलं. “डब्यातनं आल्यागत आवाज येतोय की.” “इंग्रजीत गातोय, आपला काय संबंध?” आणि जरा वाचणाऱ्या मित्राचं म्हणणं, “टुरिस्टांना विकायचा गोवा आहे हा.”

पहिली तक्रार मला लागते, कारण ती माझ्याबद्दलही झालेली आहे. दोन वर्षांपूर्वी मी आणि एका मित्राने कोडोलीत, आमच्या माडीवर तीन मराठी गाणी रेकॉर्ड केली. खिडकीला आईची गोधडी लावली होती, तरी गळिताचा हंगाम असल्याने तिसऱ्या गाण्यात उसाचा ट्रॅक्टर घुसलाच, तोही स्वतःची गाणी फुल्ल लावून. कोल्हापुरात एका जाणकारांना ती ऐकवली. अर्ध्या मिनिटात इयरफोन काढून ते म्हणाले, “आधी स्टुडिओत जा, मग गाणी ऐकव.” त्यानंतर वर्षभर आम्ही गिटारला हात लावला नाही.

त्या जाणकारांचा कान काही आकाशातून पडलेला नाही. आमच्या शेजारी वारणानगर. तात्यासाहेब कोरेंनी उभा केलेला वारणा बालवाद्यवृंद आमच्या भागाचा अभिमान. चांगलं संगीत म्हणजे पुष्कळ वाद्यं, एकसाथ, स्वच्छ, हे आम्ही लहानपणापासून धरून चाललेलो. सगळी वाद्यं एकटाच माणूस घरात वाजवतोय, ही कल्पनाच आम्हाला गरिबीची वाटते.

रेमोने नेमकं तेच केलं. मुंबईत जे. जे.मध्ये आर्किटेक्चर शिकून तो गोव्यातल्या शिवोलीला, आपल्या गावी परतला. कंपन्यांनी त्याची गाणी नाकारली, तेव्हा त्याने घरातच चार ट्रॅकचं कॅसेट-यंत्र मांडलं. त्याला पोर्टास्टुडिओ म्हणत. साध्या कॅसेटच्या दोन बाजूंना दोन-दोन ट्रॅक असतात. हे यंत्र चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरतं. पहिल्यावर गिटार वाजवा, ती ऐकत दुसऱ्यावर बास, तिसऱ्यावर बासरी. जागा संपत आली की तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे. प्रत्येक उतरवणीला टेपची खरखर वाढते. आणि एकदा आधीचं पुसलं, की चूक सुधारता येत नाही. आपल्या फोनमधल्या अ‍ॅपवर हवे तितके ट्रॅक आणि एक ‘अनडू’चं बटण असतं, त्या सवयीच्या कानांनी आपण या कॅसेटला नापास करतो.

गीतं, चाली, वाद्यं, गाणं, रेकॉर्डिंग, कव्हरचं चित्र, सगळं त्याचंच. मग पिवळ्या स्कूटरवरून दुकानादुकानांत स्वतः कॅसेट पोहोचवल्या.

आता असं म्हणायचा मोह होतो की खरखर हीच तर मजा. ब्रूस स्प्रिंगस्टीनने ‘नेब्रास्का’ (१९८२) घरी अशाच यंत्रावर रेकॉर्ड केला आणि जगाने त्या खरखरीला कला म्हटलं. पण त्याच्याकडे अख्खा बँड होता. बँडसोबत करून बघितलं, जमलं नाही, म्हणून त्याने घरची टेपच बाहेर काढली. त्याने निवड केली होती. रेमोसमोर निवडच नव्हती. खरखर ती खरखरच. दोन-तीन ठिकाणी ताल इतका पातळ आहे की मीही पुढे ढकलतो, आणि काही विनोद आता शिळे झालेत.

मी बाजू घेतोय ती वेगळ्या गोष्टीची. ही गाणी कोणाला उद्देशून आहेत ते ऐका. त्याच काळातल्या एका गाण्यात तो टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेललाच गाऱ्हाणं सांगतो, की बाबा रे, गोव्यातले फोन चालत नाहीत. चार दिवस आलेल्या टुरिस्टाला या फोनचं काय पडलंय? यात हसू येणार ते शिवोलीच्या, म्हापशाच्या माणसाला, म्हणजे स्कूटर जिथवर जाते तिथल्या श्रोत्याला. इंग्रजी शब्दांमागे गावच्या कट्ट्यावरची खोडी आहे. ती मला मराठी अल्बमांतल्या गुळगुळीत पावसापेक्षा जवळची वाटते.

ही खोडी सगळ्यांना पचली नाही. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात त्यांच्या सत्काराला रेमोला गायला बोलावलं. त्याने त्यांच्यासमोर गोव्याच्या दुखण्यांची गाणी म्हटली. वर्तमानपत्रांनी त्याला झोडपलं. त्याने ती कात्रणं आणि गाण्यांचे शब्द थेट पंतप्रधानांना पाठवले. उत्तर आलं की आम्हा दोघांना कार्यक्रम आवडला, आक्षेपार्ह काही वाटलं नाही. मला यात गंमत वाटते ती टीकाकारांची. ज्याच्या वतीने ते रागावले होते, तो खुशाल गाणी ऐकत होता. आणि चाल कशी होती, बासरी कुठे आली, यापेक्षा वाद झाला तो शिष्टाचाराचा. “आधी स्टुडिओत जा” हाही मला त्याच जातीचा शेरा वाटतो. तिथे शिष्टाचार होता, इथे यंत्र. गाणं दोन्हीकडे बाजूलाच राहिलं.

वाचणारा मित्र अजून पटलेला नाही. तो म्हणतो, “तू त्याच्या आडून स्वतःची केस लढतोयस.” लढतोयच.

गेल्या रविवारी आम्ही माडीवर ती तीन गाणी पुन्हा उघडली. पहिली दोन सरळ पाडली, आवाज राहू दे, शब्दच कच्चे होते. तिसऱ्यातला ट्रॅक्टर काढायचा की ठेवायचा यावर भांडण झालं. तो म्हणतो काढू. माझं म्हणणं, कडव्यानंतर तो नेमका समेवर येतो, बघ ऐकून.