सुई पोचत नाही ती जागा

जाहिरात ही गाण्याची सवत आहे, असे आपल्याकडचे जाणते रसिक धरूनच चालतात. मैफलीचा विषय निघाला की बोलणे हटकून त्या वळणावर येते: पूर्वी सगळे कसे सोवळे होते आणि आता कसा बाजार झाला आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. अधूनमधून कादंबऱ्या लिहितो. रागाचे व्याकरण कुणी मला विचारले तर माझी गत मागल्या बाकावरच्या पोरासारखी होईल. पण ऐकतो मनापासून, आणि ऐकता ऐकता माझे मत असे झाले आहे की हे सवतीमत्सराचे प्रकरण तितकेसे खरे नाही. गाणे आणि जाहिरात यांचा संसार आपल्याकडे सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्यातली बरीच वर्षे तो बऱ्यापैकी सुखाचा गेला.

पुण्याच्या जुन्या बाजारात मला ग्रामोफोनच्या सुयांची एक पत्र्याची डबी मिळाली. तळहातावर सहज मावेल एवढी. आत पूर्वी दोनशे सुया असत. तबकडीची एक बाजू वाजवून झाली की सुई बदलावी, असा त्या काळचा दंडक होता. म्हणजे हौशी माणसाच्या हाती ही डबी दिवसातून कितीदा तरी येत असणार. झाकणावर कर्ण्याकडे कान देऊन बसलेला तो सुप्रसिद्ध कुत्रा. या कुत्र्याची कथा मोठी मजेची आहे. फ्रान्सिस बॅरो नावाच्या इंग्रज चित्रकाराने त्याला प्रथम बसवले होते ते नळकांड्यावर वाजणाऱ्या फोनोग्राफपुढे. पुढे 1899 साली ग्रामोफोन कंपनीने ते चित्र विकत घेतले, पण अट अशी घातली की जुने यंत्र पुसून तिथे आमचे तबकडीचे यंत्र रंगवा. बॅरोने तसे केले. कुत्रा तोच राहिला, मालकाचा आवाज मात्र दुसऱ्या दुकानातून येऊ लागला!

हा कुत्रा डबीवर होता तसाच तबकडीवरही होता, आणि तिथे त्याला नेमून दिलेली जागा मला फार विचार करायला लावते. तबकडीच्या मध्यभागी जो गोल कागद चिकटवलेला असतो त्यावर कंपनीचे नाव, गायकाचे नाव, रागाचे नाव आणि हा कुत्रा. बाहेरच्या कडेपासून सुई आत सरकत येते, पण त्या कागदापर्यंत ती कधीच पोचत नाही. खाचा अलीकडेच संपतात. शिवाय तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेऊ लागली की कुत्र्याचा नुसता रंगीत भोवरा होतो. गाणे सुरू झाले की जाहिरात विरघळते, गाणे संपले की कुत्रा पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो. असे व्हावे म्हणून कुणी मुद्दाम योजना केली होती, असे मी म्हणत नाही. यंत्राच्या घडणीतूनच ते तारतम्य आपोआप आले. पण ते होते खरे.

याला अपवाद दाखवता येईल, आणि तोही तितकाच नामी आहे. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यात यंत्र घेऊन आला, तेव्हा त्याच्यापुढे गौहरजान गाइली. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोण गाते आहे हे कळावे कसे? म्हणून गाणे संपता संपता गाणाऱ्याने आपले नाव मोठ्याने सांगायचे. ‘माय नेम इज गौहरजान’ ही ती ललकारी. पुढे 1908 साली कलकत्त्यातच तबकड्या निघू लागल्या. गौहरची छबी तर ऑस्ट्रियात बनलेल्या आगपेट्यांवरही झळकली. ही ललकारी म्हणजे जाहिरातच, आणि खाचेच्या आतली. तरी ती कानाला खुपत नाही, उलट हवीहवीशी वाटते. का? तर तिच्यात ज्या नावाचा पुकारा आहे ते त्या गाण्याचेच नाव आहे. दागिन्यावरच्या सोनाराच्या शिक्क्यासारखे ते आहे.

जाहिरातीचे उपकार तर किती सांगावेत? गदगमधल्या एका दुकानात तबकड्या वाजत, त्या काही संगीताच्या सेवेसाठी नव्हेत. गिऱ्हाईक थबकावे म्हणून. तिथे थबकून एका शाळकरी पोराने अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज ऐकला आणि पुढे गुरूच्या शोधात तो घरातून पळाला. त्या पोराने, म्हणजे भीमसेन जोशींनी, 1953 साली आपल्या गुरूच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला. दुकानदाराचा त्या दिवशीचा गल्ला किती झाला कोण जाणे. आपला मात्र भरला. त्याच सुमारास, 1952 साली, केसकर मंत्रिमहाशयांनी आकाशवाणीवरून सिनेगीतांना हद्दपार केले, तेव्हा त्या गाण्यांना आसरा दिला तो सिलोन रेडिओने, आणि त्या बुधवारच्या कार्यक्रमाचा खर्च सोसला एका टूथपेस्टने. पुढे 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती आल्या. त्या ध्वनीच्या प्रांतात शिरल्या हे खरे, पण दोन गाण्यांच्या मधल्या ओट्यावर बसल्या. माजघरात आल्या नाहीत. आणि त्यांतल्या काही पंधरा-वीस सेकंदांच्या चिजा तर अशा घाटदार होत्या की वनराज भाटियांसारख्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकून आलेल्या माणसाने त्या हजारोंनी बांधण्यात कमीपणा मानला नाही.

मग बिघडले कुठे? गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या एका गावी मैफलीला गेलो होतो. गाणारी तरुण, तयारीची. यमनचा विलंबित ख्याल चालला होता आणि तिच्या पाठीमागे भिंतीएवढा उजेडाचा पडदा. त्यावर पाण्याच्या टाक्यांची चित्रे दर सात सेकंदांनी बदलत होती. (सात हा आकडा मी मोजून सांगतो, मास्तरांची खोड.) ती तीव्र मध्यमावर ठेहराव घेई तेव्हा मागे निळ्याची पिवळी टाकी होई, आणि समोरची तीनशे डोकी नकळत तिकडे वळत. तेही सोसले असते. पण शेवटी भैरवी झाली, तिने षड्ज लावून सोडला, तंबोरे अजून बोलत होते, आणि त्या क्षणी निवेदकाने ध्वनिक्षेपक उचलून टाकीचे नाव, तिचे लिटर आणि तिच्या हमीची वर्षे सांगितली.

भैरवीनंतरची ती पाच-दहा सेकंदांची शांतता रिकामी नसते. दोन तास जे ऐकले ते तिथे मुरते. गाणाराही ती गात असतो, ऐकणाराही. ती कुणाच्या मालकीची नाही, म्हणून ती विकण्याचाही कुणाला अधिकार नाही. टाकीवाल्याच्या पैशाबद्दल माझी तक्रार नाही. त्याने हात आखडता घेतला असता तर ती मुलगी त्या गावात आलीच नसती, आणि माझ्यासारख्याच्या पगाराला झेपेल असे तिकीटही निघाले नसते. त्याने चित्रे गाण्याआधी दाखवावीत, मध्यंतरात दाखवावीत, चहाच्या पेल्यांवर छापावीत. पेला चांगला असला तर मी तो घरी नेऊन डबीशेजारी ठेवीन. फक्त खाचेत उतरू नये.

हे फार मागितले असे कुणाला वाटेल, म्हणून एका तबकडीची आठवण देतो. अमेरिकेने 1977 साली व्हॉएजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, पृथ्वीवरचे आवाज भरलेली, आणि तीत आमच्या गोव्याच्या केरीगावच्या केसरबाई केरकर साडेतीन मिनिटे भैरवी गातात. दुसरे यान सुटले 5 सप्टेंबरला. 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ही तबकडी ज्याच्या हाती पडेल त्याला कुठली भाषा येत असेल, कान तरी असतील की नाही, काहीच ठाऊक नाही. तेव्हा वेष्टणावर नुसत्या रेघांनी काढून दाखवले आहे: सुई इथे टेकवा, इतक्या वेगाने फिरवा. सुईसुद्धा सोबत दिली आहे. वेष्टणाच्या आरेखनाचा याहून प्रामाणिक नमुना माझ्या पाहण्यात नाही. ऐकायचे कसे तेवढे सांगून ते बाजूला होते. आणि खाचा संपल्यावर मधल्या गोलाअलीकडे जी कोरी पट्टी उरते, तिच्यात सर्व जगांतल्या आणि सर्व काळांतल्या संगीतकारांना उद्देशून मोजक्या शब्दांचे अर्पण हाताने कोरले आहे. सुई पोचत नाही तिथेच.

त्या तबकडीवरचा क्रम मी पाहिला आहे. केसरबाईंची भैरवी संपते. कुणी काही बोलत नाही. मग टेक्सासचा एक आंधळा गायक, ब्लाइंड विली जॉन्सन, गिटारीच्या तारेवरून काहीतरी घासत, शब्दांवाचून गुणगुणू लागतो.