सरासरी कुठवर पुरते?

नाशिकला २०२१ साली भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर आपल्याला विज्ञानकथांमुळे परिचित आहेत. टी. पद्मनाभन यांच्यासह १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथातील एक विचार येथे तपासू.

गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-कालाची वक्रता. पदार्थ मात्र क्वांटम नियमांनी वागतो. दोहोंची सोयीची सांगड अशी : पदार्थाच्या ऊर्जेची सरासरी घ्यावी व तीवरून वक्रता काढावी. आता समजा, एखादी जड गोळी डावीकडे वा उजवीकडे असण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. सरासरीनुसार मधोमध ठेवलेला कण हलणारच नाही. पण तो कोणत्यातरी एका बाजूस ओढला जावा, अशी आपली अपेक्षा असते. म्हणजे अवकाश-कालालाही क्वांटम चढउतार हवेत.

नारळीकरांनी अवकाश-कालातील कोन कायम ठेवून फक्त मापपट्टी लहानमोठी होऊ दिली. त्यामुळे गणित सुटते आणि विश्वारंभाजवळ चढउतार बेसुमार वाढताना दिसतात. तेथे जुन्या गणितावर विसंबता येत नाही, हे त्यांनी स्वच्छ दाखवले.

आमचा आक्षेप पुढचा आहे. गुरुत्वीय लहरींत आकार बदलतो. तो बदल येथे वगळला आहे. शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९९६ मध्ये कमी मितींच्या एका सोप्या नमुन्यात दाखवले, की वारंवारता फार मोठी असेल तर विश्वारंभापासून दूरही चढउतार प्रचंड होऊ शकतात. तेव्हा ‘सरासरी फक्त आरंभाशीच फसते’ असे वर्गात सांगू नये.