पटावरील मूळ रहिवासी

पटावरच्या खेळांचा विचार साहित्यसमीक्षेच्या कक्षेत करण्याची प्रथा आपल्याकडे नाही. तथापि ज्या खेळात एखादे कल्पित बेट, त्यावर वसलेले लोक आणि समुद्रापलीकडून येणारे वसाहतकार असतात, तो खेळ एक कथा सांगत असतोच. अशा कथेत क्रियापद कोणाच्या वाट्याला आले, हा प्रश्न टाळता येत नाही. खेळात क्रियापद म्हणजे चाल.

गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’साठी लिहिलेली ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही साहससंहिता या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सरहद्दीवर एक गढी, तिच्या पलीकडे रान, आणि रानातल्या घळीत कोबोल्ड, गॉब्लिन, ऑर्क अशा जमातींच्या गुहा. खेळाडूंनी गुहांत शिरावयाचे, झुंजावयाचे, धन घेऊन परतावयाचे. चमत्कारिक गोष्ट अशी की, या गुहांच्या तपशिलात लढवय्यांबरोबर माद्यांची आणि न लढणाऱ्या पिलांचीही मोजदाद दिली आहे. म्हणजे ही घरे आहेत, हे लेखकाला ठाऊक होते. मात्र त्या घरांच्या उंबरठ्यावरून गढी कशी दिसत असेल, हे सांगण्याची सोय त्या रचनेत नाही. क्लाउस टॉयबर यांच्या १९९५ च्या ‘कॅटन’ने ही अडचण निराळ्या रीतीने सोडविली; बेट रिकामेच ठेवले. तेथे धान्य आहे, लोकर आहे, वाळवंटात उभा असलेला एक लुटारू आहे. (हा लुटारू मूळचा कोठला, असे विचारण्याचा मोह होतोच.)

आर. एरिक रॉइस यांचा ‘स्पिरिट आयलंड’ हा २०१७ चा खेळ या परंपरेला दिलेले जाणीवपूर्वक उत्तर आहे. येथे खेळाडू वसाहतकार नसतात. ते बेटावरील नदी, वीज, सावल्या, महासागर यांची आत्मतत्त्वे असतात आणि सर्वांनी मिळून आक्रमकांना थोपवावयाचे असते. आक्रमक कोणत्याही भूमीत आधी शोध घेतात, मग पुढच्या फेऱ्यांत वस्ती उभारतात, मग जमीन नासवितात. हा क्रम यंत्रासारखा चालतो. त्याला द्वेषाची गरज पडत नाही. वसाहतवादाचे इतके नेमके आकलन पुष्कळ कादंबऱ्यांतही आढळत नाही. जेथे भूमी नासली तेथे करड्या रंगाची खूण बसते, आणि त्याच ठिकाणी दुसरी बसली की नासाडी शेजारच्या भूमीवर पसरते. विजयाची अटही विचार करावयास लावते. आरंभी एकही आक्रमक उरता कामा नये. पण त्यांच्या मनात भय वाढत गेले की अट सैल होते, आणि शेवटी केवळ शहरे नाहीशी झाली तरी पुरते. आलेल्यांचा निःपात हे येथे उद्दिष्ट नाही; त्यांची रुजण्याची हिंमत मोडणे, हे आहे. त्या पहिल्या आवृत्तीत आक्रमकांच्या सोंगट्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या आणि मूळ रहिवाशांच्या लाकडी आहेत, हा संकेत थोडा ढोबळ वाटला तरी बोलका आहे.

खरी अडचण या लाकडी सोंगट्यांचीच आहे. या रहिवाशांना ‘दाहान’ असे नाव आहे, पण त्यांना स्वतःची चाल नाही. आत्मतत्त्वांनी हलविले तर ते हलतात. आक्रमकांनी भूमी नासविताना त्यांच्यावर घाव घातला, तर त्यातून वाचलेले दाहान उलट वार करतात, आधी नाही. खेळ हरण्याची कारणे मूळ नियमांत दिली आहेत: नासाडीची परिसीमा, एखाद्या आत्मतत्त्वाचा लोप, काळ संपणे. सर्व दाहान मेले, हे त्यांत नाही. जिवंत राहिलेल्या दाहानांचे गुण अखेरच्या हिशेबात मिळतात, इतकेच. भूमीची वेदना खेळाच्या केंद्रस्थानी आली आणि माणसाची मात्र शिलकेच्या रकान्यात गेली.

भारतीय वाचकाला येथे महाश्वेता देवींच्या ‘अरण्येर अधिकार’ची (१९७७) आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथेही दैवी अंश आहे. बिरसा मुंडा ‘भगवान’ होतो, ‘धरती आबा’ होतो. पण ते देवत्व मुंडांच्या भुकेतून, गमावलेल्या जंगलजमिनीतून वर येते. माणसे लढावयास उठतात म्हणून देव घडतो. रॉइस यांच्या बेटावर देव आधीच आहे, सामर्थ्यवान आहे, आणि माणसे त्याच्या आज्ञेची वाट पाहतात. प्रतिकार निसर्गाच्या नावावर जमा झाल्यामुळे खेळाडूला मूळ रहिवाशाच्या जागी उभे राहावे लागत नाही. वीज होणे सोपे आहे. आपली झोपडी जळताना पाहणारा माणूस होणे तितके सोपे नाही.

या रचनेत एक अपवाद आहे, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘थंडरस्पीकर’ नावाचे आत्मतत्त्व दाहान जिकडे जातील तिकडे त्यांच्यासोबत जाऊ शकते. आणि भूमी नासविली जाताना दाहान मारले गेले, तर जितके मेले तितक्या त्याच्या स्वतःच्या जवळपासच्या खुणा पटावरून उचलाव्या लागतात. हे तत्त्व घेऊन खेळणारा खेळाडू हल्ल्यापूर्वी प्रथम दाहान मोजतो.