जे डिला आणि त्याचा ठेका

अकाली मृत्यू पावलेल्या कलावंताच्या कार्याचे परीक्षण करणे हे टीकाकाराचे एक अवघड काम होय. हयात कलावंताविषयी लिहिताना मत्सर आड येण्याचा संभव असतो, दिवंगताविषयी लिहिताना करुणा आड येते. आणि करुणा रसिकतेचा वेष घेऊन येत असल्यामुळे ती लवकर ओळखू येत नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरचा हिप हॉप संगीताचा निर्माता जेम्स ड्यूइट यान्सी, ज्यास जग 'जे डिला' या नावाने ओळखते, तो १० फेब्रुवारी २००६ रोजी, ३२ वा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले असता, वारला. तेव्हापासून त्याच्याभोवती आख्यायिकांचे इतके दाट जाळे विणले गेले आहे की, त्याची तबकडी लावण्यापूर्वीच पुष्कळ श्रोत्यांचे अंतःकरण द्रवलेले असते. अशा स्थितीत त्याचे मोठेपण नेमके कशात आहे आणि कशात नाही, याचा शांतपणे विचार व्हावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

हिप हॉप म्हणजे तालावर भराभर केलेली बडबड, एवढीच या प्रकाराविषयी आमच्या काही वाचकांची समजूत असण्याचा संभव आहे. परंतु या कलेचा जन्म शब्दांतून नव्हे, तर तबकडीतून झाला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी क्लाइव्ह कँबेल ऊर्फ डीजे कूल हर्क या जमेकाहून आलेल्या तरुणाने आपल्या बहिणीने योजिलेल्या एका समारंभात तबकड्या वाजविल्या, आणि तेथूनच या कलेचा आरंभ धरण्याची रीत आहे. गाण्याच्या मध्ये केवळ तालवाद्ये वाजतात त्या दोनचार क्षणांवर लोक अधिक उत्साहाने नाचतात, हे त्याने हेरले. आणि एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तोच तुकडा आलटून पालटून वाजवीत त्याने ते क्षण लांबविले. पुढे हेच काम करणारी यंत्रे निघाली. जुन्या तबकडीतील एखादा सूर, एखादी थाप किंवा आवाजाचा एखादा तुकडा यंत्रात साठवावयाचा आणि बोटाने कळ दाबून तो हवा तेव्हा उमटवावयाचा, अशी ही सोय. आकाई कंपनीचे 'एमपीसी' हे यंत्र यांत विशेष प्रसिद्धीस आले. त्यावर १६ चौकोनी कळा असतात. या यंत्रावर जो संगीत रचतो त्यास 'निर्माता' म्हणतात; चित्रपटास भांडवल पुरविणाऱ्या निर्मात्याशी त्याचे नामसाम्य तेवढे आहे.

डिलाचा जन्म ७ फेब्रुवारी १९७४ चा. डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचे शहर, आणि १९५९ साली बेरी गॉर्डी याने ज्या मोटाउन कंपनीची स्थापना केली तिचेही माहेर. कोनंट गार्डन्स या वस्तीतील त्याच्या घरी संगीताचे वातावरण होते. वडील बासवादक आणि गायक, आई ऑपेरा गायनाचे शिक्षण घेतलेली. शाळेतील मित्र टी-थ्री आणि बाटिन यांच्यासह त्याने 'स्लम व्हिलेज' हा संच उभा केला. डेट्रॉइटचाच एक जाणता कळफलकवादक अँप फिडलर याने त्यास एमपीसीची ओळख करून दिली, आणि १९९४ साली त्यानेच 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या नामांकित संचातील क्यू-टिप याच्याशी त्याची गाठ घालून दिली. येथून त्याचे नशीब उघडले. १९९५ साली 'द फारसाइड' या संचाच्या 'लॅबकॅबिनकॅलिफोर्निया' या संग्रहात आणि १९९६ साली खुद्द 'ट्राइब'च्या संग्रहात त्याचे काम आले. त्या वेळी त्याचे वय अवघे एकवीस-बावीस वर्षांचे होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. एमपीसीसारख्या यंत्रात काळाचे सूक्ष्म विभाग केलेले असतात. डिला वापरीत असे त्या 'एमपीसी ३०००' मध्ये एका मात्रेचे ९६ भाग पडतात. वाजविणाऱ्याचे बोट किंचित मागेपुढे पडले तर ते आघात नेमक्या खणात ओढून बसविण्याची सोयही यंत्रात आहे. ही सोय फार मोहक असते. तिच्या योगाने कच्च्या हाताचा मनुष्यही क्षणात तयारीचा वाटू लागतो. परंतु तिची किंमत काय पडते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. ज्या घरी गाण्याचा रियाज चालतो तेथे यांत्रिक तबला असतो. त्याचा ठेका कधी चुकत नाही, आणि तरीही त्यास कोणी साथ म्हणत नाही. मात्रा मोजणे निराळे आणि लय धरणे निराळे.

डिलाने या दुरुस्तीस निमूट मान तुकविली नाही. त्याने ती सोय सरसकट बंद करून ठेवली, अशी एक समजूत प्रचलित आहे. ती अपुरी आहे. कारण नुसती दुरुस्ती न करणे म्हणजे बोट पडेल तेथे पडू देणे. त्यातून गबाळेपणा निपजतो, शैली निपजत नाही. डिलाचे करणे हेतुपुरःसर होते. तो एकाच आवर्तनात निरनिराळ्या आघातांस निरनिराळा हिशेब लावी. झांजेचा बारीक ठोका सरळ चालत असावा, कडक चाटेचा आघात अंमळ आधी पडावा, आणि खालचा खर्जाचा ठोका रेंगाळत मागाहून यावा, अशी त्याची मांडणी. तबल्याच्या भाषेत बोलावयाचे तर चाट उतावीळ आणि डग्गा आळशी, आणि तरीही दोघे एकाच समेस बांधलेले. आपल्या गायकीत तबलजी ठेका स्थिर धरतो आणि गवई त्याच्याशी लपंडाव खेळतो. येथे ठेका स्वतःच स्वतःशी लपंडाव खेळतो. श्रोत्यास प्रथम वाटते की कोठेतरी चूक झाली. दुसऱ्या आवर्तनात तीच चूक त्याच जागी पुन्हा येते. आणि तिसऱ्या आवर्तनापर्यंत कान तिची वाट पाहू लागतो. चरित्रकार डॅन चार्नास याने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथास 'डिला टाइम' असे नाव देऊन या लयीस स्वतंत्र प्रकार मानिले आहे. ते आम्हांस अतिशयोक्त वाटत नाही.

याचा पुरावा हवा असल्यास तो यंत्रापाशी न शोधता हाडामांसाच्या वादकांपाशी शोधावा. 'द रूट्स' या संचाचा ड्रमवादक क्वेस्टलव्ह हा घड्याळासारख्या बिनचूक वादनाबद्दल ख्यात होता. डिलाचे काम ऐकून आपणास ती बिनचूकता विसरावी लागली, असे त्याने अनेकवार सांगितले आहे. २००० साली निघालेल्या डी'अँजेलोच्या 'व्हूडू' या संग्रहात त्याचे वादन ऐकावे, म्हणजे हे म्हणणे पटते. पुढे जॅझ संगीतातील रॉबर्ट ग्लास्परसारख्या पियानोवादकांनी हीच लय आपलीशी केली. मनुष्याचे अनुकरण करावे म्हणून यंत्र निर्माण झाले. आणि येथे मनुष्य यंत्रावर केलेल्या कामाचे अनुकरण करू लागला, कारण त्या कामात त्यास स्वतःच्या हातून निसटलेले काही सापडले. आमच्या मते डिलाची खरी कमाई ती ही.

परंतु या कलेवर एक आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुसऱ्याच्या तबकडीतील तुकडा उचलून आपली रचना करणे ही निर्मिती की उचलेगिरी? 'द फारसाइड'साठी डिलाने केलेल्या 'रनिन' या गीताचा जीव स्टॅन गेट्झ आणि लुईझ बोन्फा यांच्या एका जुन्या वादनात आहे. कॉमन या गायकासाठी २००० साली केलेल्या 'द लाइट' मध्ये बॉबी काल्डवेलचे गाणे आहे. घेतलेल्या तुकड्याचे डिला काय करतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने २००६ च्या 'डोनट्स' या संग्रहातील 'डोन्ट क्राय' ऐकावे. 'द एस्कॉर्ट्स' या संचाचे जुने गाणे तो आरंभी काही काळ जवळजवळ जसेच्या तसे वाजू देतो, जणू मूळ ठेव श्रोत्याच्या हाती देतो. आणि मग तेच गाणे चिरून, तुकड्यांचा क्रम फिरवून, त्यातून निराळीच आर्जवाची रचना उभी करतो. आधी आणि नंतर यांतील अंतर कानाने मोजता येते. एवढे अंतर ज्याने कापले त्यास चोर म्हणणे अन्यायाचे होईल.

तथापि केवळ रूपांतर सुंदर झाले म्हणून ऋण फिटते असे नव्हे. आपल्या संगीत नाटकांनी ख्यालाच्या, ठुमरीच्या, लावणीच्या चाली मोकळ्या हाताने घेतल्या. 'स्वयंवरा'साठी भास्करबुवा बखले यांनी नामांकित चीजांवर पदे बसविली, हे सर्वश्रुत आहे. परंतु नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या माथ्यावर मूळ चाल कोणती ते लिहिण्याची रीत होती. घेणारा घेत होता, पण सांगून घेत होता. हिप हॉपमध्ये ही रीत पुष्कळ काळ नीट रुजली नाही, आणि तिचा चटका आपल्याकडेही बसला. २००२ साली डीजे क्विक या दुसऱ्या एका निर्मात्याने ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या 'ॲडिक्टिव्ह' या गीतात 'ज्योती' या १९८१ सालच्या चित्रपटातील लता मंगेशकर यांचा आवाज घेतला. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव तबकडीवर नव्हते, आणि प्रकरण अमेरिकेतील न्यायालयात गेले. तो दोष डिलाचा नव्हे. परंतु ज्या प्रथेत तो वाढला तिचा तो खासच आहे. त्याच्या गुणांची थोरवी मान्य करताना, ज्यांच्या स्वरांवर त्याने इमारत रचली त्यांची नावे सामान्य श्रोत्यास ठाऊक नसतात, याची खंत आम्हांस वाटते.

दुसरे वैगुण्य शब्दांचे. 'स्लम व्हिलेज'च्या 'फँटॅस्टिक, व्हॉल्यूम २' या २००० सालच्या संग्रहात संगीत जितके नाजूक तितकी पद्यरचना भरड. मोठेपणाच्या बढाया आणि उथळ शृंगार यांपलीकडे ती क्वचितच जाते. डिला स्वतःही रॅप करीत असे. पण त्या शब्दांत त्याच्या ठेक्याचा विचारीपणा आढळत नाही. याउलट 'द लाइट' मध्ये प्रेयसीस आदराने संबोधणारे शब्द लाभताच त्याचे संगीत दुपटीने उजळते. एरिका बाडूच्या 'डिडन्ट चा नो' या त्याच वर्षीच्या गीताविषयीही असेच म्हणता येईल. त्यास समर्थ कवी वारंवार लाभता तर त्याचे कार्य अधिक पूर्ण झाले असते, असे आम्हांस वाटते. व्यापारानेही त्यास साथ दिली नाही. एमसीए कंपनीसाठी त्याने गाऊन ध्वनिमुद्रित केलेला संग्रह कंपनीने बाजूस ठेविला, आणि तो 'द डायरी' या नावाने २०१६ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, प्रकाशात आला.

राहता राहिला 'डोनट्स'. रक्ताचा एक दुर्मिळ विकार आणि ल्यूपस यांनी डिलाचे शरीर पोखरले होते. २००५ च्या अखेरीस तो चाकांच्या खुर्चीत बसून युरोपात कार्यक्रम करून आला. 'डोनट्स' हा संग्रह ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या वाढदिवशी, निघाला. यांत ३१ लहान रचना आहेत, बहुतेक मिनिट-दीड मिनिटांच्या, आणि एकीतही रॅप करणारा कवी नाही. समारोप म्हणविणारी रचना आरंभी आहे, प्रस्तावना म्हणविणारी शेवटी. आणि शेवटची रचना पहिलीस जाऊन मिळते. हा सगळा संग्रह त्याने मृत्युशय्येवर, इस्पितळात रचला, अशी लोकप्रिय कथा आहे. चार्नासने कसोशीने तपास करून दाखविले आहे की त्यातील बहुतेक काम इस्पितळाबाहेर झाले होते. ही कथा गेल्याने रसिकांस हळहळ वाटेल. आम्हांस मात्र बरे वाटले. कारण त्या कथेने डिलास मरणारा मनुष्य केले होते, आणि तिच्यावाचून तो पुन्हा काम करणारा मनुष्य होतो. तुटक स्वर, अर्ध्यावर थांबणारे आवाज, पुन्हा पुन्हा आरंभास येणारा काळ, हे सारे त्यास मृत्यूने शिकविले नाही. ते दहा-बारा वर्षांच्या अखंड परिश्रमाने त्याच्या बोटांत आले होते.

२००९ साली लॉस एंजेलिस येथे त्याच्या रचना वाद्यवृंदासाठी बसवून वाजविण्यात आल्या, आणि त्या कार्यास त्याच्या आईचे नाव देण्यात आले. त्याचे एमपीसी यंत्र त्या माउलीने वॉशिंग्टन येथील आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयास दिले. हे मान योग्यच आहेत. पण काचेमागे ठेविलेले ते यंत्र पाहून कोणी असे समजू नये की करामत त्या यंत्राची होती. तेच यंत्र सहस्रावधी लोकांपाशी होते, आणि दुरुस्तीची तीच कळ प्रत्येकाच्या बोटाखाली होती. आज आमच्या घरोघरची मुले संगणकावर संगीत जुळवितात. तेथे तर ती कळ एका क्षणाच्या अंतरावर असते आणि मुलांचे वडील तिच्या बिनचूकपणावर खूष होतात. त्या मुलांस डिलाची गोष्ट सांगावयाची झाल्यास त्याच्या आजाराची सांगू नये. ९६ भागांत वाटलेल्या मात्रेत आपला ठोका कोणत्या भागावर पडावा, हे यंत्रास ठरवू न देता त्याने स्वतः कानाने ठरविले, एवढीच सांगावी.