विल्यम ब्रॅडफर्ड : उतरंडीची वास्तुकला

व्हिक्टोरियन वास्तुकलेच्या इतिहासात चर्चे, रेल्वे स्थानके, नगरभवने यांना मानाची जागा मिळते. बिअरच्या कारखान्यांना क्वचितच. सत्तरांहून अधिक कारखान्यांची उभारणी वा पुनर्बांधणी करणारा विल्यम ब्रॅडफर्ड (१८४५–१९१९) त्यामुळे तळटिपांतच राहिला आणि तिथेही ओळखला गेला तो नक्षीदार लोखंडी कठड्यांसाठी. ही ओळख अपुरी आहे. त्याची प्रतिभा दर्शनी भागात नव्हे, तर इमारतीच्या उभ्या छेदात दिसते.

१८८० मध्ये ब्रिटनने माल्टवरचा कर रद्द करून तो बिअरवर बसवला. पुढच्या दोन दशकांत अनेक बिअरउद्योग भागभांडवलाच्या कंपन्या झाले. पैसा आला, जुने कारखाने पाडून नवे बांधले जाऊ लागले. मनोऱ्यासारखा उंच कारखाना हे त्या काळाचे उत्तर होते. वाफेच्या इंजिनाने पाणी आणि माल्ट वर चढवायचे. पुढचे बरेचसे काम गुरुत्वाकर्षणावर सोपवायचे. वर पाण्याची टाकी, खाली माल्ट दळण्याची चक्की, त्याखाली दळलेले माल्ट गरम पाण्यात भिजवण्याचे पिंप. म्हणजे एका परीने उतरंडच.

ब्रॅडफर्डने ही उतरंड लपवली नाही. १८८१ मध्ये लुइस गावात नदीकाठी उभारलेला हार्वी कंपनीचा मनोरा असो, की १८९९–१९०० मधला ऑक्सफर्डशायरमधील हुक नॉर्टनचा कारखाना. बाहेरचा उंचसखलपणा आतल्या कामातून आलेला आहे. हुक नॉर्टनला वीट, दगड, लाकूड, स्लेट आणि ओतीव लोखंड यांची गर्दी आहे, तीही थोडी अतिच. मात्र ही हौस निव्वळ लहरीतून आलेली नाही. दुरून दिसणारा मनोरा ही मालकाची जाहिरातच होती.

म्हणूनच जतनाचा प्रश्न अवघड होतो. इप्सविचमधील त्याच्या क्लिफ ब्रुअरीत २००२ मध्ये उत्पादन थांबले. अशा इमारतींच्या भिंती राखून आत सदनिका केल्या, तर कठडे वाचतात. पण ज्या क्रमामुळे त्या भिंतींना हा आकार आला, तो क्रम पुसला जातो. हुक नॉर्टन आणि लुइस येथे आजही बिअर तयार होते. ब्रॅडफर्ड वाचायचा असेल तर तिथेच. बाकी ठिकाणी शिल्लक राहते ती केवळ त्याची सही.