किनारा-नियमनातील एक विसंगती

कायद्याचा हेतू प्रस्तावनेत सांगितलेला असतो. तो कितपत पाळला गेला, हे मात्र त्यातील तरतुदींवरूनच ठरवावे लागते. सागरी किनाऱ्याच्या नियमनासाठी केंद्र शासनाने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये ज्या तीन अधिसूचना क्रमाने काढल्या, त्यांचे या दृष्टीने परीक्षण करण्याचे येथे योजिले आहे.

पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. उधाणाच्या भरतीचे पाणी जेथवर पोहोचते ती भरतीरेषा मानून तिच्यापासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिने नियमनाखाली आणला आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नवे बांधकाम सामान्यतः वर्ज्य ठरविले. ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेने ही मर्यादा राखली. मात्र मच्छीमार व अन्य पारंपरिक किनारवासी समाजांच्या घरांना १०० ते २०० मीटरांमध्ये सवलत दिली. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन वर्ग पाडले. २०११ च्या जनगणनेनुसार जेथे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोक राहतात, तेथे किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावर निषिद्ध पट्टा ५० मीटरांवर येतो. अन्यत्र तो २०० मीटरच राहतो.

आता याच अधिसूचनेची प्रस्तावना पाहावी. मच्छीमारांच्या उपजीविकेची सुरक्षितता आणि तापमानवाढीमुळे चढणारी सागराची पातळी, या दोन्ही गोष्टी तीत नमूद आहेत. समुद्र वर येणार हे मान्य करावयाचे आणि घरे समुद्राच्या अधिक निकट येऊ द्यावयाची, यांचा मेळ कसा घालावा? लाट जनगणनेचे कोष्टक पाहून थांबत नाही. उलट जेथे वस्ती दाट, तेथे हानीही अधिक. म्हणजे संरक्षणाची गरज जेथे सर्वाधिक, तेथेच ते सर्वांत तोकडे झाले आहे. धोकारेषेचेही असेच झाले. २०११ मध्ये नियमनक्षेत्र ठरविताना तिचा आधार घेतला होता. २०१९ मध्ये ती केवळ आपत्ति-व्यवस्थापनाच्या नियोजनाचे साधन म्हणून उरली.

यावर असा पूर्वपक्ष संभवतो की, २०० मीटरांच्या बंधनामुळे दाट वस्तीच्या गावांत वाढत्या कुटुंबास नवी खोली बांधणेही दुष्कर झाले होते. हा आक्षेप खरा आहे आणि किनाऱ्यावरील गावे जाणणारा कोणीही तो नाकारणार नाही. परंतु त्यावर २०११ च्या अधिसूचनेने शोधलेला उपाय पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या समाजाशी निगडित होता; २०१९ ने पट्टाच आखडून दिलेली सूट जमिनीशी निगडित आहे. जमीन विकली जाते आणि सूट तिच्याबरोबर जाते. ज्या कोळ्याच्या अडचणीचा दाखला देऊन नियम सैल करावयाचा, त्याच्या हाती अखेर काय राहणार, हा या चिकित्सेतील मुख्य प्रश्न होय.

भरतीरेषेलगतची मोकळी जागा ही मच्छीमाराला रिकामी जमीन नसते. तेथे होड्या ओढून ठेवल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळतात. ही जागा त्याच्या नावावर असतेच असे नाही. निषिद्ध पट्टा होता म्हणून ती टिकली होती. निवासाचा प्रश्न सोडविताना उपजीविकेची जागा आकुंचित झाली, तर प्रस्तावनेतील आश्वासन शब्दापुरतेच उरेल.

तात्पर्य, अधिसूचनेचा दोष ती शिथिल आहे एवढाच नाही. सवलतीचा निकष चुकला आहे, हा त्याहून मोठा दोष आहे. लोकसंख्येच्या घनतेऐवजी सागराचा धोका आणि किनाऱ्यावरील परंपरागत वहिवाट हे दोन निकष स्वीकारले, तर कोळ्याला घर बांधता येईल आणि त्याचे वाळवणही राहील. त्यासाठी धोकारेषेला नियमनात पूर्ववत स्थान द्यावे आणि सामायिक वापराच्या जागा आराखड्यात स्पष्ट नोंदवाव्यात. एरवी प्रस्तावना एक सांगेल आणि किनारा दुसरेच पाहील.